नावाचं मूळ आणि नावाचं शेपूट

‘तुझ्या आजोबांचं नाव काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी विचारला गेलेला असतो. कधी वसतिगृहात, कधी मुलाखतीला, कधी सहज चहा पिताना. उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: ‘म्हणजे काय?’ वरवर पाहता हे भाषेविषयीचं कुतूहल वाटतं. पण अनेकदा विचारणाऱ्याला अर्थ आधीच ठाऊक असतो. धोंड्या म्हणजे दगड, कचऱ्या म्हणजे कचरा, उकंड्या म्हणजे उकिरडा. तो अर्थ त्याला आपल्या तोंडून ऐकायचा असतो.

मी जबलपूरमध्ये समाजशास्त्रात पीएच.डी. करते. माझा विषय विदर्भातून इथे आलेल्या मराठी भाषक कामगार कुटुंबांचं स्थलांतर हा आहे. जुन्या याद्या आणि दाखले चाळताना माझी नजर पुन्हा पुन्हा नावांवर अडते. ही नावं आली कुठून? ती आपल्यावर लादली गेली की आपल्याच माणसांनी ठेवली? या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. या नावांची मुळं बऱ्याचदा धूसर असतात. जातीला मात्र त्या धूसरपणाची अडचण होत नाही, कारण तिचं काम मुळावर चालतच नाही. ती नावाच्या शेवटी बसलेली असते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. जगात मूळ न सापडलेली नावं भरपूर आहेत आणि त्यातली कित्येक फार मानाची आहेत. दंतकथांतला राजा आर्थर घ्या. त्याचं नाव आर्टोरियस या रोमन कुळनावावरून आलं की अस्वल या अर्थाच्या केल्टिक शब्दावरून, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मरियम हे नाव हिब्रू की प्राचीन इजिप्तचं, हाही वाद सुटलेला नाही. मोझेस म्हणजे ‘पाण्यातून बाहेर काढलेला’ असं बायबल सांगतं, तर अनेक अभ्यासकांना त्यात ‘पुत्र’ या अर्थाचा इजिप्शियन शब्द दिसतो. या अनिश्चिततेमुळे आर्थरचं सिंहासन डळमळलं नाही आणि मेरी नावाच्या कुठल्याही मुलीला कोणी वर्गात उभं करून अर्थ विचारला नाही. मूळ माहीत नसणं ही तिथे विद्वानांसाठी एक रंजक गोष्ट आहे. आपल्याकडे अर्थ माहीत असणं हीच शिक्षा ठरते.

मी राहते त्या शहराचंच बघा. जबलपूर हे नाव जाबाली ऋषींवरून पडलं असं इथली लोकपरंपरा सांगते. अरबीत ‘जबल’ म्हणजे डोंगर, आणि शहरात मदन महालच्या काळ्या शिळांच्या टेकड्या आहेतच, म्हणून काही जण नाव तिकडे जोडतात. कलचुरी काळातल्या लेखांत ‘जाउली पत्तला’ असा उल्लेख येतो. काही इतिहासकार जबलपूरचं मूळ त्यात पाहतात. तीन वाटा, आणि निकाल नाही. पण शहराच्या पाट्यांवर, समारंभांतल्या भाषणांत आणि विशेषणांत जागा मिळाली ती ऋषींना. शहराला ‘जाबालीपुरम्’ म्हणणारे इथे बरेच भेटतात, ‘जाउली’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. जिथे मूळ अनिश्चित असतं तिथे कोणता अर्थ प्रतिष्ठित करायचा हे ज्याच्या हातात लेखणी आणि व्यासपीठ आहे तो ठरवतो.

जाबाल या नावाची आणखी एक गोष्ट छांदोग्य उपनिषदात आहे. सत्यकाम नावाच्या मुलाला गुरूकडे शिकायला जायचं असतं. तिथे गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो. आई जबाला सांगते की तरुणपणी अनेक ठिकाणी सेवाचाकरी करत फिरताना तू मला झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असं सांग. मुलगा गुरूला जसंच्या तसं सांगतो. गोत्राच्या जागी राबणाऱ्या आईचं नाव लावलेला हा विद्यार्थी. पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांना ही गोष्ट आपलीच वाटावी. पण पुढे काय होतं? गुरू म्हणतात, इतकं खरं बोलणारा अब्राह्मण असूच शकत नाही, आणि त्याला शिष्य करून घेतात. आई जे ठाऊक नाही म्हणाली, ते गुरूंनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगा खरं बोलला याचं श्रेय त्याला आणि त्याच्या आईला मिळायला हवं होतं. ते एका वर्णाच्या खात्यात जमा झालं.

आता आपल्या नावांकडे येऊ. पहिलं तयार उत्तर मनुस्मृतीचं. तिच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवण्याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावातून सेवकपण कळावं अशी अपेक्षा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हा नियम होता. तेव्हा कचरू, उकंडा ही नावं म्हणजे मनूचा हुकूम, असं आपण चळवळीत अनेकदा म्हणतो.

दुसरं तयार उत्तर मानववंशशास्त्राचं. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे पुढच्या मुलाला घाणेरडं नाव ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि मृत्यूही त्याला नको म्हणतो. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८८३ मध्ये पंजाबी माणसांच्या नावांवर पुस्तक लिहिलं, त्यात अशा हीनतादर्शक नावांचा स्वतंत्र विचार आहे. इथल्या हिंदी भागातही ही नावं सापडतात: घूरेलाल, म्हणजे घूऱ्यावरचा, उकिरड्यावरचा, पचकौडी, म्हणजे पाच कवड्यांना विकत घेतलेला, छेदी, म्हणजे नाक किंवा कान टोचलेला, घसीटा, म्हणजे जमिनीवरून ओढलेला. आणि हे भारतापुरतंच नाही. घानातल्या आकान लोकांत ‘सुमिना’ हे नाव आहे, त्याचा अर्थ कचऱ्याचा ढीग. चीनच्या खेड्यांत ‘गौशंग’ हे नाव ठेवत, म्हणजे कुत्र्यानं उष्टं टाकलेलं. तिथे कुठलाही मनू पोचलेला नव्हता.

मग कोणतं उत्तर खरं? स्मृतीतला नियम हा नियम असतो. लोक प्रत्यक्षात काय करत होते याचा तो पुरावा नाही. नामकरणाच्या दिवशी वाड्यातल्या आईनं स्मृती विचारून नाव ठेवलं असेल असं समजणं म्हणजे तिच्या हातून तिचं एकुलतं एक काम काढून घेणं. उलट, फक्त दृष्टीची गोष्ट सांगून थांबलो तर मोठा प्रश्न सुटून जातो: मुलं कोणाच्या घरात जास्त मरत होती? गावाबाहेरच्या वस्तीला विहीर नव्हती, तिला अन्न उरलंसुरलं मिळत होतं आणि वैद्य तिला शिवत नव्हता. ज्या समाजानं मृत्यू या वस्तीच्या दारात आणून ठेवला, त्यानंच नंतर तिच्या बचावाच्या नावांवर हसून घेतलं.

आणखी एक अडचण आहे. ही नावं फक्त आपली नाहीतच. धोंडो केशव कर्वे, १८५८ साली कोकणात ब्राह्मण घरात जन्मलेले, पुढे भारतरत्न झालेले महर्षी कर्वे. त्यांच्या नावात धोंडाच आहे. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. पुण्यात ज्यांच्या नावानं गणपती ओळखला जातो ते हलवाई दगडूशेठ. मॅडम कामा यांचं नाव भिकाईजी, आणि त्या तर श्रीमंत पारशी घरातल्या.

‘धोंडू’चं मूळही एक नाही. धोंडा म्हणजे दगड, हे एक. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू नाव ठेवतात, हे दुसरं. गणपतीचं एक नाव धुंडिराज, त्याचं लाडकं रूप धोंडू, असंही काही घरांत सांगतात, हे तिसरं. एखाद्या विशिष्ट धोंडूच्या बाबतीत यातलं कोणतं खरं, हे त्याच्या आईशिवाय कोणी सांगू शकत नाही.

पण गंमत बघा. मूळ तेच असलं तरी कोणी कर्व्यांना दगड म्हणत नाही. का? कारण ते धोंडो आहेत, नानासाहेब धोंडोपंत आहेत, मराठा घरातला धोंडीबा किंवा धोंडीराव आहे, आणि आपला आजा धोंड्या आहे. दगडू एकच; कुठे तो शेठ, कुठे दगडोबा, कुठे दगड्या. हिंदीतही तसंच: घसीटा वेगळा आणि घसीटाराम वेगळा. मूळ सगळ्यांना वाटून दिलेलं, शेपूट मात्र जातीनं मोजून दिलेलं. शब्दकोशात जात सापडणार नाही. पंत, राव, बा, जी, शेठ आणि या, या प्रत्ययांत ती सापडेल. बायकांच्या बाबतीत एकीची सोनाबाई होते, दुसरीची सोनी राहते, आणि लग्नानंतर माहेरचं नावच पुसलं जातं ते वेगळं.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘या’ लावणं हे नेहमी तुच्छतेचं नसतं. आई लेकराला धोंड्या म्हणते तेव्हा त्यात माया असते. तोच शब्द पाटील साठ वर्षांच्या माणसाला भर चावडीवर म्हणतो तेव्हा तो हुकूम असतो. आणि तोच शब्द कारकून वहीत लिहितो तेव्हा ती नोंद होते, पुढच्या पिढ्यांच्या दाखल्यांवर उतरणारी. घरातलं लाडाचं नाव कागदावर चढलं की त्यातली माया गळून जाते आणि फक्त पायरी उरते.

बाबासाहेबांच्या नावाचा प्रवास याच अंगानं वाचता येतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घरातला भिवा पुढे भीमराव झाला आणि लोकांनी त्याला बाबासाहेब म्हटलं. मूळ तेच राहिलं, शेपूट बदललं, आणि हे शेपूट वरून कोणी बक्षीस दिलेलं नव्हतं.

प्रत्ययाचं मूळही कधी कधी हरवतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत आणि ती ‘नाक’नं संपतात. हा ‘नाक’ नायकापासून आला असं काही जण म्हणतात, काही जण त्याचा संबंध नागांशी जोडतात. त्यातल्या काही नावांपुढे नाईक हा हुद्दा वेगळा लिहिलेला आहे, त्यामुळे गुंता वाढतोच. पण एवढं दिसतं की पलटणीच्या कागदावर ‘या’ लावला गेला नाही. माणसाला जे नाव त्याच्या लोकांत होतं ते दगडावर गेलं. पुढे ‘नाक’ आपल्या नावांतून निघून गेला, कारण त्यानं जात लगेच कळत होती. म्हणजे तोच प्रत्यय एका ठिकाणी ओळख होता आणि दुसऱ्या ठिकाणी खूण.

चोखामेळ्याच्या नावातही हीच ओढाताण आहे. चोखा म्हणजे शुद्ध, निर्मळ, हा एक अर्थ. दुसरीकडे एक आख्यायिका हे नाव चोखलेल्या, म्हणजे उष्ट्या आंब्याशी नेऊन जोडते. एकाच शब्दातून शुद्धही निघतं आणि उष्टंही. चौदाव्या शतकात त्याच्या आईबापांच्या मनात काय होतं हे आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पण मंदिराच्या पायरीशी उभ्या केलेल्या माणसाला उष्ट्याची कथा का चिकटवली गेली, हे समजायला व्युत्पत्तीशास्त्र लागत नाही.

मुळं कशी हरवतात याचा एक नमुना माझ्याच घरात आहे. माझे पणजोबा भंडाऱ्याकडून इथे आले. जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते; १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यामुळे आणि पुढे खमरियाच्या दारूगोळा कारखान्यामुळे इथे काम मिळे. त्यांचं नाव उकंडा. आजी मला सांगायची, ‘माह्या आजेसासूचे तीन लेकरं गेले. चवथा झाला तं त्याले उकंड्यावर ठेवला, शेजारनीनं उचलला, अन् हिनं तिच्यापासून मूठभर कोंड्यात इकत घेतला. मंग मरते कशाला? तो तं दुसऱ्याचा झाला ना!’

इथल्या हिंदी माणसांना उकंडा म्हणजे काय ते कळत नव्हतं. एका कारकुनानं हजेरीपटावर ‘अखंडा’ लिहिलं. सोबती ‘अखंडाजी’ म्हणू लागले. उद्या एखादा संशोधक तो कागद बघेल आणि लिहील की या कामगाराचं नाव संस्कृत ‘अखंड’ या शब्दावरून आलं, यातून संस्कृतीकरणाची प्रक्रिया दिसते. चुकीचं ऐकलेलं एक नाव आणि एक तळटीप, एवढ्यात तीन मेलेली लेकरं, ती शेजारीण आणि मूठभर कोंडा सगळं पुसलं जाईल. विदर्भात उकंडराव नावाचे पाटीलही आहेत, हे पणजोबांना माहीत असणारच. त्यांना राव मिळाला नाही. ‘जी’ मिळाला, तोही परक्या भाषेतल्या सोबत्यांकडून, ज्यांना मूळ ठाऊक नव्हतं.

म्हणूनच १९५६ नंतर आपल्या घरांत जी नावं आली, त्यांच्याकडे मी फक्त नव्या धर्माची नावं म्हणून बघत नाही. सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद, संघमित्रा, राहुल. यातला मिलिंद हा पाली ग्रंथातला ग्रीक राजा मिनँडर. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी त्याचं नाव दिलं. राहुलचं मूळ पुन्हा वादातलं: परंपरा त्याचा अर्थ बंधन सांगते, काही अभ्यासक ते राहू आणि ग्रहणाशी जोडतात. ‘बंधन’ किंवा ‘ग्रहण’ हे काही मंगल अर्थ नव्हेत. तरी राहुल आज सगळ्या जातींत आहे आणि त्याला अर्थ विचारून कोणी लाजवत नाही. ही नावं आपण निवडली आणि पूर्ण उच्चारली जावीत असा आग्रह धरला. प्रतिष्ठा अर्थातून आली नाही, त्या आग्रहातून आली.

प्रत्येक नावाबाबत मात्र ‘मूळ अनिश्चित आहे’ म्हणून सुटता येणार नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशा, म्हणजे नकोशी, हे नाव असलेल्या २८० हून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. तिथे कुठलीही व्युत्पत्ती शोधायची नव्हती. मुलगी नको होती, एवढंच. असं नाव बदललंच पाहिजे, आणि राजपत्रात नाव बदलून घेणाऱ्या कोणालाही ‘मुळं सोडलीस’ असं ऐकवायचा अधिकार कोणाला नाही.

मग आपण, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांनी, काय करायचं? आपल्याकडे लेखणी आलेली आहे, ती आपल्या आज्या-पणज्यांकडे नव्हती. पहिलं काम, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावांची गोष्ट विचारून ती लिहून ठेवणं, तारखेसह, त्यांच्याच बोलीत. शब्दकोश दगड सांगेल. अधिक महिना होता की मेलेली भावंडं होती, हे फक्त आजी सांगेल. आजी गेली की मूळ कायमचं अनिश्चित होईल आणि मग ते दुसरं कोणी ठरवील.

दुसरं काम लिहिण्यातलं. प्रबंधात, अहवालात, सर्वेक्षणाच्या अर्जात आपण माणसांची नावं कशी उतरवतो ते तपासू. जुन्या कागदावर ‘धोंड्या’ असेल तर उद्धृत करताना तसं लिहू, पण आपल्या वाक्यात त्याला त्याचे लोक ज्या मानानं हाक मारत तोच मान देऊ. गावातल्या पाटलाला ‘ते’ आणि मजुराला ‘तो’ लिहिणारे प्रबंध आजही मंजूर होतात.

आणि तिसरं, त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या वेळी कोणी आजोबांच्या नावाचा अर्थ विचारला तर मान खाली घालायची गरज नाही आणि घाईघाईनं संस्कृत मूळ शोधून आणायचीही नाही. नाव सांगू, पूर्ण सांगू, माहीत असेल तर गोष्टही सांगू. मग विचारणाऱ्याच्या आजोबांचं नाव विचारू, आणि विशेष लक्ष देऊन ऐकू, ते कशानं संपतं.